आई-वडील वेगळे राहतात, मग बाळाला आडनाव कोणाचं लावायचं? कायदा काय सांगतो, समजून घ्या

छत्रपती संभाजीनगर : पहिलं बाळंतपण माहेरी, बाराव्या दिवशी बारसं आणि आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगायचं, ही आपल्याकडची पद्धत. पण नवरा-बायकोचं पटेनासं झालेलं असलं की सासरकडून बारशाला कुणी फिरकत नाही. घरचे मिळून बाळाचं नाव ठेवतात. खरी अडचण पुढं येते. जन्माच्या दाखल्यासाठी बाळाचं पूर्ण नाव द्यायची वेळ येते आणि घरात वाद सुरू होतो : आडनाव कोणाचं लावायचं?

गावात यावर दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात. एक म्हणतो, "बापाचंच आडनाव लागतं, कायदाच आहे तसा." दुसरा म्हणतो, "त्यानं पोरीला टाकलंय ना? मग दाखल्यावरून त्याचं नावच काढून टाका." ही दोन्ही मतं चुकीची आहेत, आणि दोन्हींमुळे शेवटी बाळाच्याच कागदपत्रांचा घोळ होतो. वडिलांचं नाव आणि आडनाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एवढं एक लक्षात ठेवलं तर निम्मा वाद मिटतो.

वडिलांचं नाव ही नोंद, आडनाव ही निवड

जन्मनोंदणीच्या अर्जात बाळाचं नाव, आईचं नाव आणि वडिलांचं नाव असे वेगवेगळे रकाने असतात. आईचं आणि वडिलांचं नाव ही माहितीची नोंद आहे. बाळाचा जन्म कुठं झाला, कधी झाला, तशीच आई-वडील कोण हीही एक नोंद. राग आला म्हणून जन्मतारीख बदलता येत नाही, तसंच हे.

आडनावाचं तसं नाही. आडनाव हा बाळाच्या नावाचा भाग आहे आणि नाव ठरवायचं असतं. बाळाला वडिलांचंच आडनाव लावलं पाहिजे, असं सांगणारं कलम जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ मध्ये नाही. वडिलांचं आडनाव लावणं ही रूढी आहे, सक्ती नाही.

आपल्याच खंडपीठाचा निकाल

यातला एक महत्त्वाचा निकाल आपल्याच शहरातला आहे. एका महिलेनं मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात याचिका केली होती. नवऱ्याला व्यसनं आहेत, त्यानं बाळाचं तोंडही पाहिलेलं नाही, म्हणून महापालिकेच्या जन्मनोंदीत मला एकल पालक दाखवा आणि दाखला फक्त माझ्या नावानं द्या, अशी तिची मागणी होती.

मार्च २०२५ मध्ये न्यायमूर्ती मंगेश पाटील आणि न्यायमूर्ती वाय. जी. खोब्रागडे यांच्या खंडपीठानं ही याचिका फेटाळली. बाळाच्या जन्मनोंदीवर आई किंवा वडील कुणीही आपला हक्क सांगू शकत नाही, असं न्यायालयानं म्हटलं. नवरा-बायकोच्या भांडणात केवळ अहंकारापोटी कशी एकावर एक प्रकरणं कोर्टात येतात, त्याचं हे उदाहरण आहे, अशा शब्दांत न्यायालयानं सुनावलं आणि ५ हजार रुपयांचा खर्चही त्या महिलेवर लावला.

म्हणजे नवरा कसाही वागला तरी लग्नातून झालेल्या बाळाच्या जन्मनोंदीतून त्याचं नाव काढता येत नाही. यामागं आणखी एक कायदा आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ११६ नुसार, लग्न कायम असताना किंवा लग्न मोडल्यापासून २८० दिवसांच्या आत (आईनं दुसरं लग्न केलेलं नसेल तर) जन्मलेलं मूल त्या नवऱ्याचंच मानलं जातं. वेगळं राहणं म्हणजे लग्न मोडणं नव्हे. कोर्टाकडून घटस्फोट होईपर्यंत लग्न कायमच असतं.

नाव काढलं तर नुकसान कुणाचं?

समजा, वैजापूर तालुक्यातली एक लेक माहेरी राहतेय. नवरा गंगापूर तालुक्यातला, त्याच्या नावावर चार एकर जमीन. उद्या नवऱ्याचं काही बरंवाईट झालं तर त्या जमिनीत बाळाचाही वारसहक्क असतो. वारस नोंदीसाठी तलाठ्याकडं जाताना पहिला प्रश्न येतो : हे मूल त्याचंच, याचा पुरावा काय? जन्माच्या दाखल्यावर वडिलांचं नाव असेल तर उत्तर हातातच आहे. म्हणून तो रकाना नवऱ्यावर केलेला उपकार नाही. तो बाळाच्या हातातला पुरावा आहे.

आता उलट बाजू. अनेक बायकांना भीती घातली जाते की, "आमचं आडनाव लावलं नाही तर पोराला जमिनीत वाटा मिळणार नाही." हेही खरं नाही. वारसा आडनावावरून ठरत नाही, नात्यावरून ठरतो. लेक लग्न करून सासरी गेली, तिचं आडनाव बदललं, तरी वडिलांच्या मालमत्तेतला तिचा हक्क जात नाही. तसंच बाळाचं.

पोटगीचंही तेच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (पूर्वीचं कलम १२५) अज्ञान मुलाला वडिलांकडून पोटगी मागता येते. आई-वडिलांचं लग्न झालेलं नसेल तरीही हा हक्क आहे. त्यात आडनावाची अट कुठंही नाही.

मग आईचं आडनाव लावता येतं का?

लावता येतं. दिल्ली उच्च न्यायालयात ऑगस्ट २०२१ मध्ये असंच एक प्रकरण आलं होतं. तिथं तक्रार वडिलांची होती. बायकोनं मुलीचं आडनाव परस्पर बदललं, ते पुन्हा माझं करा, असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायमूर्ती रेखा पल्ली यांनी ते मान्य केलं नाही. मुलगी ही वडिलांच्या मालकीची नाही आणि तिनं आपलंच आडनाव लावावं असा हुकूम वडील देऊ शकत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. मात्र शाळेच्या नोंदीत वडील म्हणून आपलं नाव दाखवावं, यासाठी शाळेकडं जाण्याची मुभा त्या वडिलांना दिली.

दिल्लीचा आणि आपल्या खंडपीठाचा निकाल शेजारी ठेवून पाहा. इथं आईला सांगितलं, वडिलांचं नाव पुसता येणार नाही. तिथं वडिलांना सांगितलं, आडनाव लादता येणार नाही. दोन्ही निकाल एकमेकांना धरूनच आहेत.

महाराष्ट्र सरकारच्या २०२४ च्या निर्णयानं आईची बाजू आणखी भक्कम झाली. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचं नाव बंधनकारक आहे. क्रम असा : बाळाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव. जन्मदाखला, शाळेचा प्रवेश अर्ज, परीक्षेची प्रमाणपत्रं अशा कागदांना हा नियम लागू आहे. म्हणजे वडिलांचं आडनाव लावलं तरी आईचं नाव आता बाळाच्या नावातच असतं.

आणि आईच्या नावानं ओळखलं जाणं आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. पैठणहून, म्हणजे तेव्हाच्या प्रतिष्ठानहून, राज्य करणाऱ्या सातवाहनांचा सर्वांत नावाजलेला राजा गौतमीपुत्र सातकर्णी. गौतमी हे त्याच्या आईचं नाव. नाशिकच्या लेण्यात या आईचा मोठा शिलालेख आजही आहे.

तुमची परिस्थिती कोणती?

*वेगळे राहताय, पण घटस्फोट झालेला नाही.* वडिलांच्या रकान्यात नवऱ्याचं नाव राहील. आडनाव दोघांनी मिळून ठरवलं तर उत्तम. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ मध्ये वडिलांचं नाव पालक म्हणून आधी आणि आईचं 'नंतर' आलेलं आहे. पण सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी १९९९ च्या गीता हरिहरन प्रकरणात स्पष्ट केलं की 'नंतर' म्हणजे वडील वारल्यावरच असं नाही. वडील मुलाकडं पूर्ण दुर्लक्ष करत असतील किंवा मुलाचा सांभाळ करतच नसतील, तर ते हयात असतानाही आई पालक म्हणून निर्णय घेऊ शकते. वाद कोर्टात गेलाच तर एकच कसोटी लागते, बाळाचं हित कशात आहे.

*घटस्फोट होतोय किंवा झालाय.* परस्पर संमतीनं घटस्फोट घेत असाल तर संमतीच्या अटींमध्ये पोटगी आणि ताब्याबरोबर बाळाचं आडनाव काय राहील, शाळेत पालक म्हणून कोणाची सही चालेल, हेही लिहून घ्या. एका ओळीचं काम आहे. ते राहिलं तर पुढं शाळा, आधार, पासपोर्ट अशा प्रत्येक ठिकाणी समोरच्याची संमती शोधत फिरावं लागतं.

*नवरा वारला आहे.* २८ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं यावर स्पष्ट निकाल दिला. पतीच्या निधनानंतर त्या आईनं दुसरं लग्न केलं आणि मुलाला नव्या घराचं आडनाव दिलं. आजी-आजोबा कोर्टात गेले. उच्च न्यायालयानं जुनं आडनाव परत लावायला आणि दुसऱ्या नवऱ्याची नोंद 'सावत्र वडील' अशी करायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं. वडिलांच्या मागं आईच नैसर्गिक पालक आहे, आडनाव ठरवायचा हक्क तिचा आहे, आणि कागदावर 'सावत्र' लिहायला लावणं हे मुलाच्या मनाचा विचार न करणारं, जवळजवळ क्रूर आहे, असं न्यायालयानं म्हटलं.

*लग्न झालेलं नाही.* अशा बाळाची पहिली पालक आईच असते. जुलै २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अविवाहित किंवा एकल आईनं अर्ज केला तर तिच्या प्रतिज्ञापत्रावर जन्माचा दाखला द्यावा. वडिलांचं नाव सांगायची सक्ती तिच्यावर करता येत नाही. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तर जन्मनोंदणी कायद्यातच एकल पालक आणि अविवाहित आईचा उल्लेख आला आहे. "बापाचं नाव सांगा, नाहीतर नोंद होणार नाही" असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे.

*नवऱ्याची पहिली बायको हयात असताना हे लग्न झालं.* हिंदूंमध्ये असं दुसरं लग्न कायद्यानं रद्दबातल असतं, पण त्यातलं मूल औरसच मानलं जातं. १ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अशा मुलाला आई-वडिलांच्या वाट्याला येणाऱ्या वडिलोपार्जित मालमत्तेतही हक्क आहे. त्यामुळे इथं तर वडिलांच्या नावाची नोंद नीट असणं फारच गरजेचं.

मुस्लिम कुटुंबांना पालकत्वाबाबत त्यांचा व्यक्तिगत कायदा आणि पालक व पाल्य कायदा १८९० लागू होतो. जन्मनोंदणीचा कायदा मात्र सगळ्यांना एकच आहे.

नोंद कुठं आणि कधी करायची?

नोंद बाळ जिथं जन्मलं तिथंच होते, सासर-माहेर कुठलंही असो. सासर कन्नडला आणि बाळंतपण शहरातल्या दवाखान्यात झालं, तर नोंद शहरातच होणार. गावात घरी बाळंतपण झालं तर ग्रामपंचायतीत, ग्रामसेवकाकडं.

- जन्मापासून २१ दिवसांत नोंद केली तर शुल्क लागत नाही. २१ ते ३० दिवसांत विलंब शुल्क भरून होते. ३० दिवसांनंतर वरच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश.
- आडनावाचा वाद मिटला नाही म्हणून नोंदच थांबवू नका. बाळाच्या नावाचा रकाना रिकामा ठेवून जन्माची नोंद करता येते. नाव नंतर घालता येतं. पहिल्या १२ महिन्यांत त्याला शुल्क नाही, पुढं १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून नाव घालता येतं.
- दवाखान्यात फॉर्म भरताना घाईत जवळचा नातेवाईक जे सांगेल ते लिहिलं जातं. मामा एक आडनाव सांगतो, काका दुसरं. सही करण्याआधी आईनं स्वतः वाचून घ्यावं. आईचं आणि वडिलांचं नाव दोघांच्या आधारवर आहे तसंच, काना-मात्रा पाहून लिहावं.

हे एवढं महत्त्वाचं का? कारण १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळा प्रवेश, आधार, मतदार यादी, वाहन परवाना, सरकारी नोकरी या सगळ्यांसाठी जन्मदाखला हाच मुख्य कागद झाला आहे. पूर्वी शाळेच्या दाखल्यावर भागायचं, आता नाही.

आडनाव आधीच लावलंय, आता बदलायचंय

इथं मात्र वेळ लागतो. जन्मनोंदीत लिहिण्यातली चूक असेल तर निबंधकाकडं पुरावे देऊन दुरुस्ती होते. पण एकदा विचार करून लावलेलं नाव मन बदललं म्हणून सहज बदलत नाही. त्यासाठी राज्य सरकारच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करावा लागतो. मूल अज्ञान असेल तर पालक अर्ज करतो. मग त्या आधारे बाकीचे कागद बदलायचे.

शाळेत नाव, आडनाव किंवा जात बदलायची असेल तर मूल शाळेत शिकत असतानाच मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडं अर्ज करा. शाळा सोडल्यावर हे काम फार अवघड होतं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून तिथं घाई नको. पासपोर्टसाठी २०१६ पासून आई किंवा वडील यांपैकी एकाचं नाव पुरतं. पॅन कार्डलाही डिसेंबर २०१८ पासून आई एकल पालक असेल तर वडिलांच्या नावाची सक्ती नाही.

शाळेच्या नोंदीबाबत आपल्याच खंडपीठाचा फेब्रुवारी २०२६ चा एक निकाल आहे. एका मुलीला आईनं एकटीनं वाढवलं होतं. शाळेच्या नोंदीत आईचं नाव आणि आईची जात लावायची मागणी शाळेच्या पातळीवर नाकारली गेली. खंडपीठानं ती मान्य केली. एकट्या आईला पूर्ण पालक मानणं ही मेहेरबानी नाही, ते संविधानाला धरून आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती. २०२५ च्या निकालाच्या हे उलट वाटेल, पण दोन्ही प्रकरणांत फरक आहे. तिथं नवरा-बायकोचा वाद चालू होता आणि जन्माच्या नोंदीला हात लावायचा होता. इथं प्रश्न शाळेच्या नोंदीचा होता आणि मूल खरोखर कुणी वाढवलं, याचा.

जातीच्या दाखल्याचं काय?

आपल्याकडं आडनाव ठरवताना हा प्रश्न मनात असतोच, उघड कुणी बोलत नाही. आई-वडील एकाच जातीचे असतील तर आडनाव कुणाचंही लावा, नातं सिद्ध करणारे कागद असले की झालं. जाती वेगळ्या असतील तर सर्वसाधारण समज मुलाला वडिलांची जात लागते असा. पण १८ जानेवारी २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा समज अंतिम नाही. आई अनुसूचित जाती किंवा जमातीची असेल, मूल तिच्याच समाजात वाढलं असेल आणि त्याला तेच भोगावं लागलं असेल, तर ते पुराव्यानं दाखवता येतं. नुसतं आईचं आडनाव लावलं म्हणून आईच्या जातीचा दाखला मिळत नाही. मूल कुठं वाढलं याचे कागद लागतात. शाळेचे दाखले, राहण्याचा पुरावा, आईच्या वडिलांचे जुने कागद आत्तापासून एका फाइलमध्ये ठेवा.

वकील परवडत नाही, मग?

कायदेशीर सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार महिला आणि मुलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. शहरात जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती. हेल्पलाइन १५१००. त्रास किंवा मारहाण होत असेल तर महिला हेल्पलाइन १८१. आडनावाचा वाद कोर्टात नेण्याआधी याच प्राधिकरणामार्फत दोन्ही घरच्यांना बोलावून मध्यस्थी करून घेता येते. बरेच वाद तिथंच मिटू शकतात.

वडिलांसाठीही एक गोष्ट. बाळाला आईचं आडनाव लागलं म्हणून तुमचं पितृत्व जात नाही आणि जबाबदारीही जात नाही. नोंदीत तुमचं नाव असतंच. भेटीचा हक्क हवा असेल तर तो वेगळा मागता येतो. त्यासाठी आडनाव अडवून धरायची गरज नाही.

थोडक्यात

- बाळाच्या जन्माची नोंद २१ दिवसांत करा, आडनावाचा वाद नंतर मिटवता येतो.
- लग्नातून झालेल्या बाळाच्या दाखल्यावरून वडिलांचं नाव काढायच्या मागं लागू नका, तो बाळाचा पुरावा आहे.
- आडनाव आईचं किंवा वडिलांचं, कुठलंही चालतं. जमीन, वारसा, पोटगी यावर त्याचा परिणाम होत नाही.
- एकदा ठरवलं की जन्मदाखला, आधार, शाळा सगळीकडं एकच नाव, एकाच स्पेलिंगनं लावा.
- घटस्फोटाच्या अटींमध्ये आडनावाचा मुद्दा लिहून घ्या.

(ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. प्रत्येक प्रकरण वेगळं असतं, त्यामुळे अर्ज करण्याआधी विधी सेवा प्राधिकरणात किंवा वकिलाकडं कागदपत्रं दाखवून घ्या.)